ठरावावर सही करण्याआधी

प्रश्न: मी पिंपरी-चिंचवडमधल्या एका मोठ्या सोसायटीचा अध्यक्ष आहे. आमच्याकडे जिने पुसायला आणि पाच-सहा घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी दहा वर्षांपासूनच्या आहेत. माझी बायको त्यांना ‘घरच्यासारख्या’ म्हणते. तीन आठवड्यांपूर्वी त्यांचा १६ वर्षांचा मुलगा आमच्या गेटबाहेरच मोबाईल हिसकावताना सापडला. दुचाकी दुसराच कुणी, बावीस-तेवीस वर्षांचा, चालवत होता, तो पळाला. फोन आमच्याच बी विंगमधल्या काकूंचा. मुलगा सध्या निरीक्षणगृहात आहे. पकडल्या वेळचा त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय. येत्या रविवारी मावशींना गेटबंदी करण्याचा ठराव येणार आहे आणि बहुमत पक्कं आहे. मला पटत नाही, पण उद्या काही झालं तर अध्यक्ष म्हणून मीच अडकेन. आमचे सेक्रेटरी म्हणतात, ‘१८ च्या आतली आहेत म्हणून सोकावलीत. ३०० शब्दांचा निबंध लिहायचा आणि सुटायचं.’ तेही खोटं वाटत नाही. गेल्या वर्षी ए विंगमधल्या दोन मुलांनी पार्किंगमधल्या गाड्यांतलं पेट्रोल काढलं होतं, तेव्हा आईवडिलांना बोलावून आम्ही समजुतीने मिटवलं. पण तो विषय वेगळा. काय करू?
– एक अध्यक्ष

अध्यक्षसाहेब,

पत्र दोनदा वाचलं. मुद्द्याचं वाक्य तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता टाकलंय: ‘पण तो विषय वेगळा.’ माझी सगळी नोकरी परिविक्षा अधिकारी म्हणून गेली. मूल पकडलं गेलं की त्याच्या घरी, शाळेत, गल्लीत जाऊन चौकशी करायची आणि बाल न्याय मंडळापुढे अहवाल ठेवायचा, हे माझं काम. त्या सवयीने विचारते, वेगळा कसा?

पेट्रोल काढणं ही चोरीच. नळी आणायची, बाटल्या आणायच्या, वॉचमन पेंगायची वाट बघायची, म्हणजे ठरवून केलेली. तरी तुम्ही पोलीस बोलावले नाहीत. आईवडिलांना ऑफिसात बसवलंत, पोरं मान खाली घालून उभी राहिली, ज्यांचं पेट्रोल गेलं त्यांना पैसे मिळाले असतील, एखाद्या बापाने सगळ्यांदेखत कानाखाली लावली असेल. (लावायला नको होती, पण असो.) फोटो कुणी काढला नाही. आज ती पोरं बहुधा बारावीच्या क्लासला जात असतील, आणि लिफ्टमध्ये त्यांच्या आईकडे बघून कुणी बाजूला सरकत नसेल.

आता गंमत बघा. बाल न्याय (मुलांची काळजी आणि संरक्षण) अधिनियम, २०१५ चं कलम १८ काढा. मुलाने गुन्हा केल्याचं ठरलं तर मंडळाने काय करायचं, ते तिथे दिलंय. समज देऊन घरी पाठवा, मुलाचं आणि आईवडिलांचं समुपदेशन करा, देखरेखीखाली समाजसेवा करून घ्या, दंड करा, चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडून लक्ष ठेवा, आणि काहीच चालण्यासारखं नसेल तर जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात ठेवा. तुम्ही सोसायटीच्या ऑफिसात त्या रात्री दुसरं काय केलंत? कायदा न वाचता कायदा पाळलात. मावशींच्या मुलासाठी मी जास्तीचं काही मागत नाही. ए विंगला दिलंत तेच मागतेय.

फरक आहे, नाही कसा? पार्किंगमधल्या टाकीला नळी लावणं आणि चालत्या बाईच्या हातातला फोन ओढून नेणं सारखं नाही. काकूंकडे मी येतेच.

आधी सेक्रेटरींचा निबंध. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनियर गेले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता. त्याच दिवशी त्याला जामीन मिळाला आणि अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध होता. संताप आला, मलाही आला. पण पुढे काय काय बाहेर आलं ते आठवा. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून आईवडील आत गेले, डॉक्टर आत गेले; ड्रायव्हरने गुन्हा स्वतःवर घ्यावा म्हणून त्याला डांबल्याच्या आरोपावरून आजोबा आत गेले. मुलाभोवती मोठ्या माणसांची आख्खी फौज उभी राहिली, आणि आपल्या लक्षात काय राहिलं, तर निबंध. कायदा मऊ आहे असं सेक्रेटरींना वाटत असेल तर त्यांना एवढंच विचारा, की मग मावशींचा मुलगा तीन आठवडे आत का?

कारण कायदा त्यालाही तोच लागू आहे. कलम १२ सांगतं, गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, जामीनदार असो वा नसो, मुलाला सोडायचं. न सोडायला तीनच कारणं: बाहेर तो सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याच्या जिवाला किंवा मनाला धोका होईल, किंवा न्यायाचं काम बिघडेल. तुमच्या प्रकरणात पहिलं कारण पुढे आलं असणार, कारण तो गाडीवाला मोकळा फिरतोय आणि मुलगा सुटला तर जाणार त्याच गल्लीत. नाहीतर याहून साधं काहीतरी घडलं असेल. तारखेला कुणी कागद घेऊन गेलंच नसेल. असं मी किती वेळा बघितलंय! आई येते, बाहेर बाकावर बसते, आत काय चाललंय कुणी सांगत नाही, नाव पुकारलं की उठून हात जोडते आणि पुढची तारीख घेऊन घरी जाते. पिंपरीहून येरवड्याला मंडळात जायला दोन बस, यायला दोन बस, शिवाय कामाचा खाडा.

‘सोकावलीत’ म्हणणाऱ्यांना आकडा लागतो, तोही देते. २०२२ मध्ये देशभरात १८ वर्षांखालच्या मुलांविरुद्ध सुमारे ३० हजार गुन्हे नोंदले गेले. त्याच वर्षी एकट्या भारतीय दंड संहितेखालचे गुन्हे ३५ लाखांच्या वर होते. शंभरात एकही भरत नाही. आणि दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या निर्भया प्रकरणानंतर हाच जो २०१५ चा कायदा आला, त्यात १६ ते १८ मधल्या मुलाने अघोर गुन्हा केला तर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायची वाट ठेवलेली आहेच. मोबाईल हिसकावणं त्यात बसत नाही. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा तो गुन्हा, या कायद्याच्या भाषेत किरकोळ.

किरकोळ म्हटलं की काकूंना राग येईल. यायलाच हवा.

काकूंना आत्तापर्यंत कुणी काय हवंय ते विचारलं का? पंचनाम्यात ‘काळ्या रंगाचा मोबाईल, अंदाजे किंमत अमुक’ एवढीच ओळ असते. संध्याकाळी एकटं फिरायला जाणं बंद झालं, मागून गाडीचा आवाज आला की हात पर्सवर जातो, नातवाचे सगळे फोटो त्या फोनमध्ये अडकलेत, यातलं काही तिथे लिहीत नाहीत. फोन मुलाजवळ सापडला असेल तर तो मुद्देमालात जमा असेल. तो परत मिळायला अर्ज करावा लागतो, त्याला फोनचं बिल किंवा खोक्यावरचा आयएमईआय नंबर लागतो. सोसायटीतला एखादा वकील काकूंबरोबर जाऊ शकतो ना? मावशींना काढून काकूंचा फोन परत येणार नाही, आणि भीतीही जाणार नाही. उलट रोज ओळखीची वाटणारी बाई दिसेनाशी होईल आणि तिच्या जागी एजन्सीची नवी माणसं येतील. काकूंना पटलं आणि मंडळाने व्यवस्था केली, तर पुढे कधीतरी मुलाला त्यांच्यासमोर बसवता येतं. पटलं तरच. माफी मागणाऱ्याच्या सोयीसाठी बाईला खुर्चीत बसवणं मला मान्य नाही. पण असे दोन-तीन प्रसंग मी बघितलेत. मंडळापुढे निगरगट्टासारखं उभं राहणारं पोर ‘बाळा, मी पडले असते तर?’ या साध्या प्रश्नाला रडलेलं आहे.

आता मुलाबद्दल. मी त्याला ओळखत नाही, तुमच्या पत्रातून त्याच्याबद्दल एकच गोष्ट कळते: तो मागे बसला होता. बावीस-तेवीस वर्षांचा माणूस सोळा वर्षांच्या पोराला मागे का बसवतो? कारण फोन ओढणारा हात मागच्याचा असतो. सापडला तर तोच सापडतो. ‘तू अठराच्या आतला, तुला काय होणार नाय’ हे वाक्य गल्लीत सगळ्यांना पाठ असतं. त्याची दुसरी बाजू मात्र कुणालाच माहीत नसते. मुलाला बेकायदा कामाला लावणाऱ्या प्रौढाला याच कायद्याच्या कलम ८३ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड आहे. तुमच्या ग्रुपवर त्या गाडीवाल्याचा फोटो आहे का? नाही ना. सीसीटीव्ही फुटेजमधला नंबर पोलिसांना दिलाय का, ते रविवारच्या आधी बघून घ्या. सगळी सोसायटी हातावर धावून गेली आणि हँडल धरणारा सुटला.

एका मुलाची गोष्ट सांगते. नाव-गाव सांगणार नाही, सांगायचं नसतंच. चोरीच्या प्रकरणात दोन महिने आत राहून तो सुटला. मी त्या दिवशी दुसऱ्याच कामाने तिथे होते. आईने आत सह्या केल्या, दोघं फाटकाबाहेर आले. समोर चहाच्या टपरीजवळ दोन गाड्या उभ्या, त्यांवर चार पोरं, एकाच्या हातात नव्या टी-शर्टची पिशवी. आईने त्यांच्याकडे बघितलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे. दुपारची भांडी गाठायची होती. सकाळची चार घरं आधीच बुडाली होती, आणि एका घरी ‘आता पुन्हा खाडा झाला तर येऊ नकोस’ असं सांगून झालं होतं. ती पोराला म्हणाली, ‘सरळ घरी जा.’ आणि बस पकडायला पळाली. पोरगा फाटकाजवळ तसाच उभा राहिला. मग तो गाडीवर बसला. कुणीही बसलं असतं. दोन महिन्यांत त्याच्यासाठी नवीन कपडे घेऊन आलेली ती पहिली माणसं होती.

सहा महिन्यांनी तो पुन्हा आला. पहिल्या वेळच्या माझ्या अहवालात, माझ्याच अक्षरात, एक ओळ होती: ‘पालकांचे मुलाकडे दुर्लक्ष.’ ती ओळ आम्ही सगळेच लिहायचो, अर्ध्या अहवालांत असायची, हाताला वळणच पडलं होतं. पुन्हा ती फाईल उघडली तेव्हा मला फाटकातून बसकडे पळणारी ती बाई आठवली. सात घरची भांडी घासणाऱ्या बाईने लक्ष कधी द्यायचं, हे मी लिहिलं नव्हतं. त्यानंतर ती ओळ मी लिहिली नाही. त्या मुलाचं पुढे काही चांगलं झालं असं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. नाही झालं.

म्हणून तुमचा ठराव मला एवढा बोचतो. तो मुलाबद्दल नाहीच. त्याच्या घरात जी बहुधा एकुलती एक कमावती आणि त्याची वाट बघणारी बाई आहे, तिच्या पोटावर पाय देण्याबद्दल आहे.

न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारभर बाळांचा अभ्यास जन्मापासून चालू आहे. त्यावर काम करणाऱ्या टेरी मॉफिट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९३ मध्ये एक मांडणी केली. चौदा ते अठराच्या दरम्यान वाकडं वागणारी बहुतेक पोरं मोठी होता होता आपली आपण थांबतात, लहानपणापासून थेट पुढेपर्यंत तशीच राहणारी थोडी. मला जास्त कामाचा वाटला तो त्यातला पुढचा भाग: थांबू शकणारी पोरंही काही सापळ्यांत अडकून राहतात. शाळा सुटणं, व्यसन, नावावर गुन्हा लागणं. सापळा लावणारे बहुतेक वेळा आपल्यासारखे सभ्य लोक असतात आणि त्यांना वाटत असतं आपण कुंपण घालतोय.

आपल्याकडे हे कुणी बोललंच नाही असं नाही. मुंबईचा बालकांसाठीचा कायदा १९२४ चा आहे, म्हणजे शंभरी उलटली. निरीक्षणगृहाला लोक अजून ‘रिमांड होम’ म्हणतात आणि पोरगं जेलात आहे असं समजतात, त्याला कोण काय करणार?

आता कामाचं. तो फोटो आजच ग्रुपवरून काढून टाकायला लावा, रविवारची वाट बघू नका. कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख पटेल असं काहीही कोणत्याही माध्यमातून पसरवता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘आम्ही फक्त फॉरवर्ड केलं’ असं म्हणून भागत नाही. उद्या अध्यक्ष म्हणून अडकायची भीती आहे म्हणालात ना, तर अडकलातच तर या फोटोपायी अडकाल. शिवाय एक सांगू? कोयते नाचवणाऱ्या पोरांची धिंड काढली की लोक टाळ्या वाजवतात, आणि तीच पोरं तो व्हिडिओ गाणं लावून स्टेटसला ठेवतात. ज्या चेहऱ्याला सगळ्यांनी चोर म्हणून बघितलंय, त्याला चोर नसण्याचा काही फायदा उरत नाही.

मग मावशींना विचारा, पुढची तारीख कधी आहे. त्या दिवशी सोसायटीच्या कामाची पगारी सुट्टी द्या, आणि ज्या पाच-सहा घरी त्या जातात त्यांनाही सांगा. मला एकच गोष्ट निवडायची असती तर मी हीच निवडली असती. बरोबर शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा महापालिकेचा जन्मदाखला हवा; आधार कार्डावर विसंबू नका. वकिलाला पैसे लागत नाहीत, मुलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, १५१०० वर फोन केला तरी सांगतात. कुणीतरी लिहितं-वाचतं माणूस त्यांच्याबरोबर जावं. तुमच्या बायकोने ‘घरच्यासारख्या’ म्हटलंय, त्यांनाच विचारा.

मंडळाला हवं असतं ते हे की, सुटल्यावर हा राहणार कुठे, सकाळी उठून जाणार कुठे. मामा-काका कुणी दुसऱ्या गावी असेल तर काही महिने तिथे ठेवायची तयारी दाखवता येते. दहावी राहिली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. दहावी नापासांनाही आयटीआयचे काही ट्रेड मिळतात. परिविक्षा अधिकारी चौकशीला आले तर जे माहीत आहे ते खरं सांगा. गोड रंगवू नका, आम्हाला लगेच कळतं. ‘दहा वर्षांत या बाईने आमच्या घरातली सुई उचलली नाही’ एवढं खरं असेल तर ते लिहून द्या. प्रकरण निकाली निघाल्यावर पोलिसांना चारित्र्य दाखल्यासाठी हे रेकॉर्ड उघड करता येत नाही. नोकरीच्या आड ते येऊ नये, हा त्यामागचा हेतू. हे मुलाला कुणीतरी समजावून सांगा. ‘आता माझं काय होणार नाय’ असं त्यालाही वाटत असेल, वेगळ्या अर्थाने.

आणि मुलगा सुटल्यावर लगेच पाया पडेल अशी अपेक्षा ठेवू नका. थोडं खोटं बोलेल, एखादं काम दोन दिवसांत सोडेल, मावशी तुमच्यासमोर रडतील. हातात रोख पैसे देऊ नका. सोसायटीत काम द्यायचं असेल तर काकूंना आधी विचारा, त्या नाही म्हणाल्या तर नाही.

ठरावाला हरकत घेताना भाषण करू नका, बहुमत भाषणाने फिरत नाही. गेल्या वर्षीचं मिनिट्स बुक घेऊन बसा. पेट्रोलच्या प्रकरणात काय ठरलं ते मोठ्याने वाचा आणि विचारा, तेच इथे का नको. ए विंगमधले दोन जण तरी गप्प बसतील. एक बारीकशी गोष्ट: सगळे त्यांना मावशी म्हणतात, तुम्हीही. सोळा वर्षांच्या मुलाची आई, वय चाळिशीच्या आत असेल. नाव माहीत नसेल तर रविवारच्या आधी विचारून घ्या, मिनिट्समध्ये लिहायला लागेल.

आणि मीटिंग सकाळी दहाला ठेवली असेल तर वेळ बदला. तेव्हा त्या ऑफिसबाहेरचा जिना पुसत असतात, आणि दार लावलं तरी आतलं ऐकू जातं.